दुर्गावहिनींच्या दुकानातले काळे अष्टकोन

दुर्गा विद्वांस बोलायला लागली की गिऱ्हाइकाचं सामान पिशवीत जायचं, आणि आपण फक्त काडेपेटी घ्यायला आलो होतो हे त्याला घरी गेल्यावर आठवायचं. दिवेआगरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तिचं दुकान म्हणजे निम्मं वाणसामान आणि निम्म्या गप्पा.

दुकान तसं नवंच होतं. निसर्ग वादळानं एका दुपारी विद्वांसांच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी आणि बरेचसे माड आडवे केले. नवी रोपं लावली, पण त्यांना फळ धरेपर्यंत घर कशावर चालायचं? नवरा अजेय बोर्लीला शाळेत विज्ञान शिकवत होता. त्याच्या एकट्याच्या पगारावर वाडी पुन्हा उभी राहणं कठीण होतं. दुर्गानं रस्त्याकडची पडवी झाडून काढली, फळ्या ठोकून घेतल्या आणि गल्ल्यावर बसली. कोपऱ्यात तिनं स्वतःच्या हातचं कोकम सरबत मांडलं. घट्ट, लालबुंद, डोळ्यांनीच प्यावं असं. दोन उन्हाळ्यांत त्या बाटल्यांचं नाव झालं. पर्यटक परतीच्या वाटेवर गाडी थांबवून न्यायचे. रसायन नाही, रंग नाही, घरचं फळ, असं ती प्रत्येकाला सांगायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

होळीच्या आधी मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली आश्लेषा नावाची मुलगी दुकानात आली. तिनं एक बिस्किटाचा पुडा उचलला, उलटा केला आणि विचारलं, "ताई, इथं काय लिहिलंय ते वाचाल का?"

दुर्गानं चष्मा लावला, काढला, पुडा लांब धरला, उजेडात नेला. "मुंगीनं लिहिलंय वाटतं," ती म्हणाली.

"तेच तर!" आश्लेषाला हसू आलं. "साखर किती, मीठ किती, चरबी किती, सगळं मागे लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण? हेच जर पुढच्या बाजूला, मोठ्या सोप्या खुणेनं सांगितलं, तर लोक वेगळं काही उचलतील का? आणि कुठली खूण जास्त लागू पडेल? ते आम्हाला खऱ्या दुकानांत बघायचंय. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा. काही दुकानांत चांदण्या लावायच्या, जितका पदार्थ बरा तितक्या जास्त. काही दुकानांत काळे अष्टकोन, 'साखर जास्त', 'मीठ जास्त', 'चरबी जास्त' असे. आणि काही दुकानांत काहीच नाही, तुलनेसाठी."

दुर्गाच्या अंगात वीजच संचारली. तिच्या दुकानात संशोधन! तिनं तिथल्या तिथं होकार दिला आणि संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी केली.

कुणाच्या दुकानात काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं होतं. श्रीवर्धनला वाचनालयाच्या खोलीत सगळे दुकानदार जमले. दुर्गाला चांदण्या हव्या होत्या. सोनेरी, देखण्या, दुकान दिवाळीसारखं दिसलं असतं. तिनं डबीत हात घातला, डोळे मिटले, चिठ्ठी उघडली. काळा अष्टकोन.

"हात्तिच्या!" ती मोठ्यानं म्हणाली आणि अख्खी खोली हसली. पण परतीच्या एसटीत बसेपर्यंत तिचा उत्साह दुप्पट झाला होता. चांदण्या काय, कुणीही लावेल. काळ्या खुणा लावायला छाती लागते, असं तिनं शेजारच्या बाईला ओळखदेख नसताना पटवून दिलं.

मग आश्लेषा आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दिवसभर बसून पुड्यांवर खुणा चिकटवल्या. कुरकुरीत वेफर्सवर दोन. थंड पेयांवर एक. शेवेवर दोन. दुर्गाचे सासरे तात्या आरामखुर्चीतून हे सगळं मोठ्या कौतुकानं बघत होते. तात्यांना मधुमेह. गोड बंद, म्हणून ते रोज चहाबरोबर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेली 'पौष्टिक' बिस्किटं खायचे. आश्लेषानं त्या पुड्यावर एक अष्टकोन चिकटवला, 'साखर जास्त'. मग दुसरा, 'चरबी जास्त'.

तात्या ताडकन उठले. "ए पोरी, चुकलंय तुझं! ही औषधी बिस्किटं आहेत."

"आजोबा, मागे बघा ना." तिनं त्यांना भिंग दिलं. तात्यांनी भिंगातून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पुडा असा खाली ठेवला की जणू त्यात विंचू होता. "वर्षानुवर्षं!" ते म्हणाले. "वर्षानुवर्षं मी हे औषध म्हणून खातोय! आणि या ओंब्या कशाला छापल्यात मग, मेल्यांनी?"

त्या दिवसापासून ते चहाबरोबर भाजलेले चणे खायला लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओंब्यांची गोष्ट सांगायला लागले. आश्लेषानं त्यांना दुकानात बसायला बंदी केली तेव्हा कुठे ते ओटीवर गेले.

कारण अभ्यासाचा एक नियम होता, आणि तो दुर्गासाठी जवळजवळ फाशीची शिक्षाच होता. दुकानदारानं खुणांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हे घ्या, ते घेऊ नका, काही नाही. कुणी विचारलंच तर एकच वाक्य बोलायचं, "पाकिटावर लिहिलंय ते वाचा."

"अगं पण मी समजावून सांगितलं तर चांगलंच नाही का?" दुर्गानं विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तर लोक खुणेमुळे बदलले की तुमच्या बोलण्यामुळे, हे मला कधीच कळणार नाही, दुर्गाताई. आणि पुढे हजारो दुकानांत तुम्ही थोड्याच असणार आहात?"

हे दुर्गाला पटलं. पटलं, पण झेपेना. पहिल्या दिवशी तिनं तोंडात सुपारीचं खांड धरून ठेवलं. एक आई मुलाला वेफर्स घेऊन देत होती; मुलानंच अष्टकोन बघून विचारलं, "आई, हे काय?" आईनं वाचलं, पाकीट परत ठेवलं आणि शेंगदाण्याचा पुडा घेतला. दुर्गाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ती पोह्याचं पोतं उगीचच उचलून दुसरीकडे ठेवायला गेली. रात्री जेवताना अजेयनं आमटी मागितली तर तिच्या तोंडातून आपसूक निघालं, "पाकिटावर लिहिलंय ते वाचा." अजेय ठसका लागेपर्यंत हसला.

खरी कसोटी पुढे होती. आश्लेषा एकदा कोपऱ्यातल्या लाल बाटल्यांपाशी घुटमळली आणि म्हणाली, "ताई, तुमचं सरबतही बंद बाटलीतलंच आहे. ते अभ्यासात घेऊ का? तुमच्यावर सक्ती नाही. नको म्हणालात तर बाजूला ठेवू."

"घे की! त्यात काय लपवायचंय? फळ आणि साखर."

आश्लेषानं कृती विचारली, मोजदाद केली. मग जरा चाचरत तिनं बाटलीवर अष्टकोन लावला, 'साखर जास्त'.

दुर्गा त्या काळ्या ठिपक्याकडे बघतच राहिली. कंपनीच्या मालावर ती खूण शोभत होती. स्वतःच्या हातच्या बाटलीवर ती कुणीतरी तोंडाला काळं फासल्यासारखी दिसत होती. "अगं, हे घरचं आहे," ती हळूच म्हणाली.

"घरची साखरही साखरच असते, ताई," आश्लेषा म्हणाली. "निम्म्याहून जास्त बाटली साखरेची आहे. अजूनही नको असेल तर सांगा."

दुर्गानं बाटली पदरानं पुसून जागेवर ठेवली. मग म्हणाली, "राहू दे. दुसऱ्यांच्या मालाला लावायची आणि माझ्या नाही, असं कसं चालेल?"

बोलायला सोपं होतं. पुढच्या आठवड्यांत पुण्यामुंबईच्या गाड्या थांबत होत्या, माणसं बाटली उचलत होती, अष्टकोन बघत होती. काही घेत होती, काही परत ठेवत होती. "अगं, कोकममध्येसुद्धा!" एक बाई नवऱ्याला म्हणाली, आणि दुर्गाच्या जिभेवर आलेली दहा वाक्यं तिला सुपारीबरोबर चावून गिळावी लागली.

अशातच वेफर्स आणि बिस्किटांचा माल आणणारा हर्षद आला. त्यानं फळीवर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, हे काय करून ठेवलंत? माझा माल हलत नाही. वरून मला बोलणी बसतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "असं करा ना, पाकिटं उलटी लावा. खूण भिंतीकडे. अभ्यास पण चालू, धंदा पण चालू."

दुर्गा त्याच्यावर अशी उसळली की रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. "उलटी लावू? त्या पोरी उन्हातान्हातून इथवर येतात त्या काय थट्टा म्हणून? माल न्यायचा तर ने उचलून!" हर्षद बिचारा गांगरला; तो वाईट माणूस नव्हता. पण दुर्गाचा पारा त्याच्यामुळे चढलाच नव्हता. आदल्याच संध्याकाळी सरबताच्या बाटल्या पुसताना हाच विचार तिच्या मनात येऊन गेला होता. एक बाटली तिनं फिरवलीही होती, अर्धी. मग पुन्हा सरळ केली होती.

म्हसळ्याकडच्या एका गावातून रंगू नावाची बाई दर आठवड्याला एसटीनं भाजी घेऊन यायची. वालाच्या शेंगा, माठ, कधी काकड्या. घरगुती खानावळीवाल्यांना भाजी दिली की ती दुर्गाकडे टेकायची आणि जाताना सरबताची बाटली न्यायची. तिची सून सोनल गरोदर होती, आणि "कोकम थंड, पोटातल्या बाळाला बरं," असं दुर्गानंच तिला हिवाळ्यात सांगितलं होतं.

त्या दिवशी रंगूनं बाटली उचलली आणि थबकली.

"वैनी, ह्यो काला ठिपका कसला ओ? आदी नव्हता."

दुर्गानं तोंड उघडलं, मिटलं. "बाटलीवर लिहिलंय ते वाचा, रंगूबाई."

"मी वाचू?" रंगू हसली. साक्षरतेच्या वर्गात तिनं अक्षरं गिरवली होती, पण ती आता बसच्या पाटीपुरतीच उरली होती. तिनं बाटली डोळ्यांजवळ धरली. बोट ठेवून वाचू लागली. "सा... ख... र." थांबली. "जा... स्त." मग तिनं सगळं एकदम म्हटलं, "साखर जास्त!" आणि तिचा चेहरा बदलला. "आगो बाई. आमच्या सोनलला डॉक्टरीनबाईनं परवाच सांगितलाय, पोटुशीपणात तुझी साखर वाढलेय, ग्वाड बंद कर. पोरीनं च्या सोडला, लाडू सोडला. आनि मी हिकडनं दर आठवड्याला साखरच न्हेतंय व्हय?"

तिनं बाटली परत फळीवर ठेवली. रागानं नाही, अगदी हळू, कुणाचं तरी बाळ खाली ठेवावं तशी. बोलायची मुभा असती तर दुर्गानं काय सांगितलं असतं? घरचं आहे, रसायन नाही, थोडं घेतलं तर काही होत नाही. आणि रंगूनं ते ऐकून बाटली नेली असती. दुर्गाला हे लख्ख कळलं. तिच्या गोड जिभेनं जे कधीच सांगितलं नसतं, ते त्या एवढ्याशा काळ्या ठिपक्यानं रंगूला सांगितलं होतं. तेही रंगूच्या स्वतःच्या तोंडून.

रंगू गेल्यावर तिनं आश्लेषाला फोन लावला. "आश्लेषा, चालतंय! अगं तुझं खरंच चालतंय!" ती ओरडत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिनं वाचलं गं! अक्षर अक्षर लावून वाचलं!"

त्या रात्री तिला सोनल दिसत राहिली. उन्हाळ्याची काहिली, पोट पुढे आलेलं, आणि प्यायला साधं पाणी. कोकमाचंच पण बिनसाखरेचं काही द्यायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं. कोकमाच्या झाडांवर रातांबे लाल होऊ लागले होते.

पहिल्यांदा तिनं साखरच कमी केली. बाटल्या चार दिवसांत फसफसल्या आणि एकीचं बूच उडून तात्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लाल फवारा उडाला. तात्यांनी त्याचाही किस्सा केला. मग तिनं आगळ केलं, म्हणजे साखरेऐवजी मिठात टिकवलेला कोकमाचा रस. मोठ्या दिमाखात तिनं आश्लेषापुढे बाटली ठेवली. "घे! साखरेचा कणसुद्धा नाही!"

आश्लेषानं आकडे मांडले आणि ओठ चावला. "ताई... मीठ जास्त."

दुर्गा कपाळाला हात लावून खाली बसली आणि मग दोघी इतक्या हसल्या की गिऱ्हाईक बिस्किटाचा पुडा हातात घेऊन नुसतं उभं राहिलं.

तोडगा तसा डोळ्यांसमोरच होता, पण अवघड. कोकमाची साल, ना साखर ना मीठ, नुसती वाळवायची. रात्री पाण्यात भिजवली की सकाळी आंबट लाल पाणी तयार. वर जिरं, पुदिना. अडचण एवढीच की समुद्राकाठच्या दमट हवेत मिठाशिवाय साल वाळता वाळत नाही. पहिल्या परातीवर पांढरी बुरशी आली. अजेय हे बघत होता. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यानं एकदा काळ्या पत्र्याची, वर काच लावलेली वाळवणाची पेटी केली होती. ती त्यानं रविवारी गच्चीवर चढवली, खाली आणि वर हवेला भोकं पाडली आणि मे महिन्याच्या उन्हात ठेवून दिली. संध्याकाळी दुर्गानं झाकण उघडलं तर आत चामड्यासारखी चिवट, काळपट जांभळी सालं, बोटाला जराही न चिकटणारी.

"अहो!" तिनं गच्चीवरून हाक मारली. "अहो, या लवकर! वाळली!"

अजेय दोन पायऱ्या एकदम चढत वर आला. दोघंही त्या पेटीवर वाकून नुसता वास घेत राहिली.

आश्लेषानं अट घातली की अभ्यास संपेपर्यंत हे दुकानात मांडायचं नाही. दुर्गानं मान्य केलं. पण पहिली पुडी तिनं रंगूच्या टोपलीत टाकली. "विकत नाही, घरची म्हणून देत्येय. आधी डॉक्टरीणबाईंना विचारा, मगच द्या सोनलला."

पुढच्या आठवड्यात रंगू एसटीतून उतरली ती हसतच. "डॉक्टरीनबाई व्हय म्हनाली, वैनी! सोनल म्हनते, आंबट हाय पन लय ग्वाड लागतंय."

सोनलची साखर हळूहळू आटोक्यात आली. कोकमानं जादू केली असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टरांनी आहार आखून दिला होता, ती रोज चालत होती. पण त्या उन्हाळ्यात तिनं काय प्यायचं हा प्रश्न सुटला होता. तिला मुलगी झाली, धडधाकट, आणि दुर्गा म्हसळ्याला जाऊन बघूनही आली.

अभ्यासाचे निष्कर्ष सांगायला आश्लेषानं सगळ्या दुकानदारांना पुन्हा श्रीवर्धनला बोलावलं. दुर्गा पहिल्या रांगेत बसली. तात्याही हट्टानं आले होते. पडद्यावर रंगीत पट्ट्या उमटल्या. काही न लावलेल्या दुकानांत फारसं काही बदललं नव्हतं. चांदण्यांच्या दुकानांत लोकांचा घोटाळा झाला होता. दोन चांदण्या म्हणजे चांगलं की वाईट, कुणालाच नक्की सांगता येईना, आणि पुष्कळांनी चांदणी आहे म्हणजे माल उत्तम असंच धरलं होतं. काळ्या अष्टकोनांच्या दुकानांत मात्र गोड पेयं आणि बिस्किटं चांगलीच कमी उचलली गेली होती, आणि शेंगदाणे, चणे, ताक यांची उचल वाढली होती.

"आणि फरसाण?" मागून कुणीतरी विचारलं.

"फरसाणाला ढिम्म फरक पडला नाही," आश्लेषा कबूल झाली. "लोकांनी खूण वाचली, आणि घेतलं."

खोलीत हशा पिकला. तात्या उठून उभे राहिले. "मला एवढंच विचारायचंय," ते म्हणाले, "की ही खूण सगळीकडे कधी येणार? मी काही आता तरणा नाही."

"ते आमच्या हातात नाही, आजोबा. हा लहानसा अभ्यास आहे, थोड्याच दुकानांचा. अजून मोठे अभ्यास व्हायला हवेत. आम्ही सांगत राहू."

"मग आम्ही कशाला थांबायचं?" दुर्गा उभी राहून म्हणाली. अभ्यास संपला होता. आता तिला कुणी अडवणार नव्हतं. "मी माझ्या दुकानातल्या खुणा काढणार नाही. ज्यांना हव्यात त्यांनी हिच्याकडून समजून घ्या, कशावर काय लावायचं ते." चांदण्या मिळालेल्या श्रीवर्धनच्या एका दुकानदारानं हात वर केला. मग म्हसळ्याच्या दोघांनी. आश्लेषा पडद्याशेजारी उभी होती आणि तिला पुढचं चित्र दाखवायचं सुचेना.

दुसऱ्याच दिवशी दुर्गा श्रीवर्धनच्या छापखान्यात हजर झाली. सुक्या कोकमाच्या पुड्यांसाठी नवं लेबल हवं होतं, त्याची कृती मोठ्या अक्षरांत. आणि सरबताच्या बाटल्यांसाठीही नवं, कारण सरबत ती बंद करणार नव्हती. पाहुण्यांना पेलाभर द्यायला ते होतंच.

छापखान्याचे चांगदेवकाका नमुना बघून बुचकळ्यात पडले. "वहिनी, हा मधोमध काळा अष्टकोन काय? 'साखर जास्त'? आपल्याच मालाची कोण अशी बदनामी छापून घेतं?"

"बदनामी नाही हो, ओळख आहे," दुर्गा म्हणाली. "आणि काका, जरा मोठा काढा. म्हसळ्याच्या रंगूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे."

काकांनी अष्टकोन मोठा केला. तिनं कागद हातभर लांब धरून बघितला, अजून थोडा मोठा करायला लावला, आणि शाई सुकायचीही वाट न बघता पहिला गठ्ठा पिशवीत घालून निघाली. गच्चीवर अजेयनं केलेली दुसरी पेटी भरायची होती.